दापुऱ्याचा डेबूजी

संत गाडगेमहाराजांचे नाव घेतले की हातातील खराटा, मडक्याचे खापर आणि अंगावरील चिंध्यांचे वस्त्र एवढे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. चित्र खरे आहे. परंतु ते त्यांच्या आयुष्याच्या उत्तरभागाचे आहे. त्यापूर्वीची जवळजवळ एकोणतीस वर्षे हा पुरुष एका दरिद्री कष्टकरी घरातील मुलगा, गुराखी, मामाच्या शेतात राबणारा भाचा, आणि पुढे पती व पिता होता. गृहस्थांस त्यांनी नंतर जे जे कळकळीने सांगितले, ते बहुतेक सर्व त्यांच्या स्वतःच्या घरावरून गेलेले होते. म्हणून येथे विशेषतः त्यांचे पूर्वचरित्रच सांगावयाचे आहे.

वऱ्हाड हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा मुलूख. 1853 साली तो निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास अकस्मात सोन्याचा भाव आला. 1867 साली मुंबईची आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. युद्ध संपले, भाव उतरले; परंतु कापसाचा लोभ, रोख पैशाची सवय आणि सावकाराची वही ही तिन्ही मागे राहिली. ज्या अमेरिकेच्या युद्धामुळे हे घडले, तेथील दक्षिणेकडच्या खेड्यांतही पुढे हाच प्रकार झाला. गुलामगिरीतून सुटलेले मजूर आणि गरीब गोरे शेतकरी उभ्या पिकावर दुकानदाराकडून उचल घेत; हिशेबाची वही दुकानदाराच्या हाती असे, आणि वर्षभर राबून शेवटी देणेच उरे. समुद्राच्या दोन तीरांवर कापूस एकच होता आणि कापूस पिकविणाऱ्याची दशाही एकच होती.

अशा वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात, 23 फेब्रुवारी 1876 रोजी डेबूजीचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जाणोरकर. जात परटाची. गावाचे कपडे धुवावे, सुगीला शेतकऱ्यांच्या खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा, आणि जमेल तेवढी शेतीची कामे करावी, असे त्या घराचे जीवन होते. हे काम बारा महिने पाण्यात उभे राहण्याचे; मिळकत मात्र पाऊस आणि पीक यांवर अवलंबून असलेली. तरीही, राबणारे दोन हात शाबूत असते तर त्या घरास भाकरीची ददात पडली नसती.

घर बुडाले ते दारूने. आणि दारू घरात आली ती व्यसन म्हणून नव्हे, देवधर्म म्हणून, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. गावातील देवतांस नवस बोलावा, तो फेडताना बकरा कापावा, दारूचा नैवेद्य दाखवावा, आणि मग जातगोतास कंदुरीचे जेवण घालावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल होती. नैवेद्य दाखविणाऱ्याने प्रसाद म्हणून घोट घ्यावयाचा. झिंगराजीने तो घेतला. पहिल्याने सणावारी, मग आठवड्याच्या बाजारी, मग रोज. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धा आणि यज्ञ यांचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील तामस प्रकार पुस्तकात वाचणे निराळे. त्याच्यापायी घरातील भांडी विकली जाताना पाहणे निराळे. डेबूजीने ते पाहिले. जे थोडेफार होते ते गेले, शरीरही गेले, आणि 1884 साली झिंगराजी वारला. मृत्यूपूर्वी त्यास आपली चूक पूर्णपणे उमगली होती आणि मुलास या दारूपासून व दारू पिणाऱ्या देवांपासून दूर ठेवण्याविषयी त्याने पत्नीस विनविले होते, असे चरित्रकार सांगतात. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता.

विधवा सखुबाई मुलास घेऊन माहेरी आली. माहेर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा या गावी, पूर्णा नदीच्या काठी. घरात वडील हंबीरराव आणि भाऊ चंद्रभानजी. ही माणसे सुखवस्तू नव्हती, पण कष्टाळू होती आणि त्यांनी लेकीला व नातवाला घरात घेतले. तथापि माहेरी कायमची परतलेली विधवा काय स्थितीत राहते, हे आपल्या समाजात कोणास सांगावयास नको. पहाटेच्या दळणापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सखुबाईने अंग मोडून काम केले. मुलानेही आईचे पाहून स्वतःच एक नियम बांधून घेतला: ज्या घरचे खावयाचे त्या घरचे काम आधी करावयाचे. पुढे गाडगेबाबा म्हणून गावोगाव फिरताना, कोणाच्या दारी भाकर मागण्यापूर्वी ते त्या घरचे अंगण झाडीत किंवा लाकडे फोडीत. लोकांस तो साधूचा विक्षिप्तपणा वाटे. वास्तविक ती आजोळी वाढलेल्या पोरक्या मुलाची जुनी सवय होती.

डेबूजीस शाळा मिळाली नाही. त्याला गुरे मिळाली. सकाळी गोठा झाडावा, शेण उचलावे, गुरे सोडून नदीकाठच्या कुरणात न्यावी, दुपारी त्यांस पूर्णेत धुवावे, दिवस मावळता परत आणावी. गोठ्याची स्वच्छता तो इतक्या आस्थेने करी की तेथे माणसाने निजावे. परटाच्या मुलास मळ दिसला की तो काढावा असे वाटणे स्वाभाविकच होते. परंतु बहुतेकांचा धर्म दुसऱ्याचे कपडे धुऊन संपतो, याचा तेथे संपला नाही. पोहण्यात तो तरबेज झाला. पूर्णेच्या पुरात उडी घालण्याची छाती त्या पंचक्रोशीत फार थोड्यांस होती, त्यांत हा एक.

रानात निरनिराळ्या जातींचे गुराखी एकत्र येत. गावात जी पोरे एकमेकांच्या अंगणापलीकडे जात नसत ती रानात शिदोऱ्या सोडून एकत्र बसत. डेबूजीने त्यांस भजनाचा नाद लावला. टाळ नसले तर दगडावर दगड वाजवावे. रात्री गावातही या पोरांचे भजन होऊ लागले. संतांचे अभंग त्याने ऐकून ऐकून पाठ केले, आणि त्या ऐकीव विद्येवरच पुढे पन्नास वर्षे त्याने महाराष्ट्रभर कीर्तने केली. गोकुळातील गोपाळांची कथा आपण भागवतात भक्तीने ऐकतो. दापुऱ्याच्या रानातील हे गोपाळ मात्र फाटक्या लंगोटीचे होते आणि त्यांच्या शिदोरीत लोणी नव्हते, कोरडी भाकर आणि मिरचीचा ठेचा होता.

वय वाढले तसे नांगर-वखर हाती आले. वखरणी, पेरणी, डवरणी, कापसाची वेचणी, ज्वारीची राखण, सर्व कामांत डेबूजी पुढे. काळ्या जमिनीचे काम सोपे नसते. पावसाळ्यात ती पायास चिकटून ओढते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. मामास असा भाचा मिळाला हे भाग्यच. 1892 साली सोळाव्या वर्षी डेबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. घर सावरले, दोन बैलजोड्यांची स्वप्ने पडू लागली, आणि याच वेळी सावकार दारात आला.

चंद्रभानजी हा सरळ, निरक्षर आणि विश्वासू माणूस. शेत घेण्याच्या मोहाने त्याने कर्ज उचलले. दर साली पीक विकून तो पैसा सावकाराकडे नेऊन भरी, आणि पावती मागणे हे त्यास अविश्वासाचे लक्षण वाटे. हिशेब सावकाराच्या वहीत. वही वाचता येणारा घरात कोणी नाही. कागदावर अंगठा उमटवावयाचा एवढाच या कुटुंबाचा लेखनाशी संबंध. भाचा सांगून थकला की पावती घेतल्याशिवाय पैसा देऊ नये. मामास ते पटले नाही. अखेर एके दिवशी कळले की इतक्या वर्षांत दिलेले सर्व व्याजात जिरले असून मुद्दल वाढूनच बसले आहे आणि जमीन सावकाराची झाली आहे. त्या धक्क्याने चंद्रभानजी अंथरुणास खिळला आणि गेला. एका बापास दारूने नेले होते, या दुसऱ्या बापास कर्जाने नेले. त्या दशकात वऱ्हाडाने 1896-97 चा आणि त्याहूनही भयंकर असा 1899-1900 चा, असे दोन दुष्काळ पाहिले. अशा शेकडो घरांच्या जमिनी त्या वर्षांत वह्यांतून वह्यांत गेल्या.

सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली, तेव्हा डेबूजी औत धरून शेतात उभा होता असे सांगतात. जी जमीन आपल्या हातांनी कसली ती आपण सोडणार नाही, असे त्याने ठरविले होते. मारामारी झाली, एकट्या डेबूजीने आलेल्यांस पिटाळून लावले, आणि परटाच्या पोराने सावकाराच्या माणसांवर हात उगारला ही बातमी गावोगाव पसरली. शेवटी सावकारास तडजोड करावी लागली. अहिंसेचे व्रत पुढे आमरण पाळणाऱ्या महापुरुषाच्या आयुष्यातील हा प्रसंग काही भाविकांस अडचणीचा वाटतो. तो गाळण्याचे कारण नाही. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे साधुत्व, असा अर्थ गीतेच्या श्रोत्यांनी तरी करू नये. मात्र या विजयाने डेबूजीस सुख झाले नाही. एका शेताचे भांडण मनगटाने मिटले. पण वही न वाचता येणाऱ्या लाखो मामांचे काय, हा प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. डेबूजीस पहिली कन्या झाली, तिचे नाव आलोका. बारशास जातभाई जमले. रीतीप्रमाणे बकरा आणि दारू यांची सर्वांस अपेक्षा होती. या रीतीत कसूर करणे म्हणजे जातीचा अपमान करणे होय. डेबूजीने पानांवर गोडाचे शाकाहारी जेवण वाढले. मंडळी रागावली, पुष्कळ बोलली. वरवर पाहता ही लहानशी गोष्ट. परंतु ज्याला शेजारपाजार सोडून राहता येत नाही, ज्याच्या मुलीचे लग्न पुढे याच मंडळींच्या संमतीने व्हावयाचे आहे, अशा गरिबाने एवढे करणे हे सावकाराशी झुंजण्यापेक्षाही कठीण होते. सावकार परका होता. ही माणसे आपली होती.

शेताची राखण करीत असता एका साधूची गाठ पडली आणि या सर्व धान्याचा धनी तू आहेस काय, अशा आशयाच्या त्याच्या प्रश्नाने डेबूजीचे चित्त विद्ध झाले, अशी कथा आहे. ती कथा चरित्रांतून निरनिराळ्या प्रकारे येते. तो साधू कोण, कोठून आला, या गोष्टींना फार महत्त्व देण्याचे कारण नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत धनीपणाच्या कागदाने मामाचा जीव घेतला, त्याच्या मनास तोच प्रश्न लागावा हे उघड आहे.

1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटे, घरची सर्व निजलेली असता, डेबूजी घराबाहेर पडला. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. घरात वृद्ध होऊ लागलेली आई, तरुण पत्नी आणि लेकरे.

येथे गृहस्थ वाचकाचे मन अडखळल्याशिवाय राहणार नाही, आणि ते अडखळणे योग्यच आहे. ज्या सखुबाईने एका पुरुषाच्या दारूमुळे संसार गमावला, तिचा मुलगाही तिला सोडून गेला. कारण निराळे, परंतु रिकामे घर तेच. कुंताबाईने मजुरी करून मुले वाढविली. तिच्या तपाचे वर्णन कोणी कीर्तनकार फारसे करीत नाही. आपल्याकडे संन्याशाच्या वैराग्याच्या कथा पुष्कळ आहेत, त्याने मागे ठेवलेल्या चुलीच्या कथा थोड्या. डेबूजीने केले ते सर्वांनी करावे असे त्याने स्वतः कधी सांगितले नाही. उलट संसार नीट करा, बायकापोरांस उपाशी ठेवू नका, असेच तो जन्मभर गृहस्थांस सांगत राहिला. स्वतःकडे मात्र त्याने माफीही मागितली नाही आणि सवलतही घेतली नाही.

घर सोडले, पण काम सोडले नाही. सुमारे बारा वर्षे तो अनवाणी भटकत होता. गाव आले की झाडावयास लागे. नाव विचारले तर सांगत नसे, म्हणून हातातील गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णाकाठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते आणि तेथील स्नानाने ऋणांतून मुक्तता होते असा समज आहे. यात्रेकरू चिखलात घसरत, म्हाताऱ्या बायका पडत. बाबांनी प्रथम त्या वाटा कुदळ-फावड्याने नीट केल्या आणि नंतर लोकांच्या देणग्यांतून व अंगमेहनतीतून तेथे घाट बांधविला. कर्जाने ज्याचे आजोळ मोडले त्याचे पहिले मोठे लोककार्य ऋणमोचनास व्हावे, यात आश्चर्य नाही.

पुढील कार्य सर्वश्रुत आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादी ठिकाणी धर्मशाळा, अनेक ठिकाणी गोरक्षण, सदावर्ते, शाळा व वसतिगृहे उभी राहिली. पंढरपुरात दलित यात्रेकरूंस आसरा मिळत नसे, म्हणून बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने 1954 साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयास त्यांचे नाव दिले. ज्याला शाळेचा उंबरठा ओलांडावयास मिळाला नाही, त्याच्या नावाने पुढे अमरावतीचे विद्यापीठही ओळखले जाऊ लागले.

कीर्तनात ते वेदान्ताची चर्चा करीत नसत. श्रोत्यांस प्रश्न विचारावे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढावे, आणि मध्ये गोपाळनामाचा गजर करावा, अशी त्यांची पद्धत होती. दिवसभर गाव झाडल्यावर रात्री माणसांची मने झाडावयास ते उभे राहत. विषय ठरलेले: दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, कर्ज काढून सण-लग्न करू नका, शिवाशीव पाळू नका, आणि हातात भाकर घेऊन जेवा, जेवणाचे भांडे नसले तरी चालेल, पण मुलास शाळेत घाला. श्रोत्यांस हा उपदेश वाटे. जाणत्यांस त्यात एकामागून एक झिंगराजी, बारशाची पंगत, चंद्रभानजी, गुराख्यांची शिदोरी आणि अंगठ्याचा कागद दिसत असे.

लाखो रुपयांच्या इमारती त्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या, परंतु त्यांत कुंताबाईस खोली मिळाली नाही. तिने मूर्तिजापुरास साध्या झोपडीत दिवस काढले. संस्थांचे अन्न हे अनाथांचे आहे, आपल्या माणसांचे नव्हे, यावर बाबांचा कटाक्ष होता, आणि आपल्या नातलगांचा या मालमत्तेवर कसलाही हक्क राहू नये अशी तजवीज त्यांनी कागदोपत्री करून ठेवली. कागदाचे सामर्थ्य ते मामाच्या घरी शिकले होते. 1923 साली मुलगा गोविंदा वारला, तेव्हा ते कोकणात खारेपाटणास होते. वार्ता कळल्यावरही त्यांनी कीर्तन चालू ठेवले. या कठोरपणास कोणी स्थितप्रज्ञता म्हणतात. घरातील माणसांस तो कसा वाटला असेल, हे ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवावे.

1952 साली त्यांच्या संस्थांची व्यवस्था पाहण्यासाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. प्रकृती खालावत होती, तरी प्रवास थांबला नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेले जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, वाटेतच त्यांचा देह पडला. त्यांची समाधी अमरावतीस आहे. जन्मगाव शेंडगाव त्याच जिल्ह्यात. झिंगराजीचे घर जेथे मोडले त्याच मुलखात, स्वतःचे म्हणावे असे घर नसताना, ते परत आले होते.